एक कप कॉफी आणि माझ्याकडे राहिलेला कागद

ही हकीकत मी अनेक वर्षं टाळत आलो. निवृत्त झाल्यावर लोक विचारतात, पेटंट ऑफिसात तुम्ही नेमकं काय करत होता? मग मी त्यांना दोन-तीन गमतीचे अर्ज सांगतो. एकाने डासांना झोप आणणारी पेटी केली होती, एकाने आपोआप गाठ मारणारा नाडा. लोक हसतात, चहा येतो, विषय बदलतो. कॉफीच्या अर्जाबद्दल मी कुणाशी बोललो नाही. बायकोला सांगितलं, तेही अर्धं, आणि ते अर्धंही माझ्या सोयीचं.

आता सत्तरी जवळ आली आहे. मागच्या महिन्यात कपाट आवरताना एक घडी घातलेला कागद पुन्हा हाताला लागला. हरवला नव्हता तो. कुठल्या खणात आहे हे मला कायम ठाऊक होतं. फक्त या वेळी मी तो परत आत ठेवला नाही.

चंद्रपूरला कॉलेजात होतो तेव्हा मी एका काटेवाल्याच्या दुकानावरच्या खोलीत भाड्याने राहत होतो. काटेवाला म्हणजे तराजू दुरुस्त करणारा. दुकान बस स्टँडकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं. दारातून आत पाहिलं की छतापासून जमिनीपर्यंत काटेच काटे टांगलेले दिसत. धानाच्या व्यापाऱ्यांचे मोठे लोखंडी, मोहफुलं घेणाऱ्यांचे मधल्या आकाराचे, आणि काचेच्या कपाटात सोनारांचे नाजूक पितळी. वारा आला की पारडी एकमेकांवर हलकेच वाजत. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात तरफेचा धडा होता. तो मला कधी पाठ करावा लागला नाही, कारण दिवसभर माझ्या पायाखाली तोच चालू असे.

दुकानाच्या मालकांना मी भाई म्हणायचो. माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, लांब बोटं, कानावर पेन्सिल. त्यांनी माझं नाव कधी घेतलंच नाही. पहिल्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी ‘कॉलेज’.

“काऊन बे कॉलेज, आज मास्तर मेला काय? घरीच दिसून राह्यला.”

“सुट्टी हाये भाई.”

“मंग ये खाली. पारडं धर. शिकलेल्या माणसाचा हात लागला तं काटाई सुधरन.”

मी खाली जाऊन पारडं धरायचो. ते कानशीने एका बाजूचं लोखंड कणाकणाने घासायचे, फुंकर मारायचे, पाहायचे, पुन्हा घासायचे. दांडी स्थिर झाली की बोट उचलून म्हणायचे, “आता हे खोटं बोलू शकत नाई.”

प्रत्येक काट्यावर शिशाचा एक ठिपका असतो. वजन-मापं तपासणारे साहेब वर्षातून एकदा येत आणि त्या ठिपक्यावर सरकारी शिक्का ठोकत. त्या दिवशी भाई नवा शर्ट घालत. काटा त्यांनी सुधारलेला, पण शिक्का सरकारचा, आणि काटा व्यापाऱ्याचा. त्यांचं स्वतःचं त्यावर काहीच राहत नसे. एकदा शिक्क्याचे काटे पोत्यात भरताना ते म्हणाले होते, “इतके काटे केले मी, एकावरई लिहून नाई का हा माया हातचा हाये.” हसत म्हणाले होते. मीही हसलो.

भाभी सिरोंचाकडच्या. तिकडे तेलुगू चालते, आणि कॉफीही. आमच्या बाजूला सगळे चहावाले. भाईंच्या घरात सकाळी मोठ्या पातेल्यात चहा उकळे. भाभींना मात्र कॉफीच लागे, तीही एकच कप, सकाळी पहिला.

“एक कप के वास्ते दूसरा बर्तन कौन चढाएगा?” त्या म्हणायच्या आणि चहाच घ्यायच्या. रविवारी तेवढी त्यांची कॉफी होई. फडक्याच्या पुरचुंडीत पावडर बांधून त्यावर त्या उकळतं पाणी ओतत. तो वास जिन्यावरून माझ्या खोलीत येई. मला कॉफी आवडू लागली ती त्या वासामुळे. मग रविवारी दोन कप होऊ लागले, आणि भाभी म्हणू लागल्या, “अब बर्तन चढाने को कारण मिला.”

त्या घरचे कागद मी लिहीत असे. दुकानाचं लायसन, शिक्क्याचा अर्ज, वीज मंडळाची तक्रार. इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच झालं. आमचं गाव चिमूरच्या बाजूला, धानाचं. घरात शिकलेला मी पहिला. सुट्टीत गावी गेलो की माणसं कागद घेऊन येत. तलाठ्याचा, कोर्टाचा, पेन्शनचा. कागद माझ्या हातात देत, आपल्या शेतीचं दोन शब्द बोलत, आणि उठून जात. कागद शिकलेल्या माणसाच्या हातात दिला की तो त्याचा झाला. त्यानंतर त्याचं काय झालं हे विचारायचं नसतं. विचारलं तर भरवसा नाही असं दिसतं. पुष्कळदा मी कामं केली, काही राहून गेली. राहिलेल्यांबद्दलही मला कुणी विचारलं नाही.

भाईही तसेच. कागद देत आणि विसरत.

पुढे मला पेटंट कार्यालयात नोकरी लागली, दूर मोठ्या शहरात. कुणी नवी वस्तू किंवा वस्तू करण्याची नवी रीत शोधली की तो अर्ज करतो. ती खरंच नवी आहे का, जाणकार माणसाला सहज सुचली असती का, हे परीक्षकाने तपासायचं. माझं आयुष्य त्या तपासण्यात गेलं. दरवर्षी गावी जाताना मी चंद्रपूरला उतरत असे आणि दुकानात तासभर बसत असे. तेवढ्या वर्षांत भिंतीवरचे काटे कमी होत गेले. बाजारात आकडे दाखवणारे इलेक्ट्रॉनिक काटे आले. आठवडी बाजारातल्या मिरचीवालीकडेसुद्धा लाल आकडे चमकू लागले. सोनारांनी आपले पितळी काटे भाईंना भंगाराच्या मोलाने दिले. त्यांनी ते वितळवले नाहीत. रोज पुसून पुन्हा कपाटात ठेवत.

एका दिवाळीनंतर गेलो तेव्हा दुकान अर्धं बंद होतं. भाईंनी मला मागच्या स्वयंपाकघरात नेलं.

“कॉलेज, बस इथी. कशाले हात लावू नको.”

ओट्यावर स्टीलची एक पेटी होती, मिक्सरपेक्षा थोडी मोठी. वर पाण्याची टाकी, मधे सोनाराचा पितळी काटा, खाली एका पारड्यावर कप.

“हे काय हाये भाई?”

“तुया भाभीची सवत.”

भाभी दारात उभ्या होत्या. “सवत नक्को बोलो. नौकरानी बोलो. काम करती, पलटके जवाब नै देती.”

“म्हून तं मले आवडते!”

भाभी हसल्या. मला तेव्हा दिसलं, त्यांचे हात कापत होते. दोन वर्षांपासून, भाई म्हणाले. उकळतं पाणी उचलणं बंद झालं होतं. एकदा मांडीवर सांडलं होतं. तेव्हापासून त्यांनी कॉफीचं नावच काढलं नव्हतं, रविवारीही नाही.

भाभींनी कापत्या हाताने पावडरची लहान फडक्याची पुडी काट्याच्या एका टोकाच्या कडीत ठेवली आणि बटण दाबलं. पाणी गरम झालं. आधी थोडंसं, पळीभर, पुडीवर पडलं. मग सगळं थांबलं. पुडी हळूहळू फुगली. आम्ही तिघं पाहत राहिलो. पुडी भिजून जड झाली तशी दांडी एका बाजूला झुकली, झुकताना एक तार ओढली गेली, आणि वरून बाकीचं पाणी सुटलं. कप भरला तसं कपाखालचं पारडं खाली गेलं आणि पाणी बंद. कुणी हात लावला नव्हता.

त्या कॉफीचा वास जिन्यावरचाच होता.

मी विचारलं, “भाई, मधे थांबायचं हाये तं घड्याळच लावलं असतं. इतके सेकंद थांब, मंग पाणी सोड. सोपं नसतं झालं?”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझी डिग्री कुणी दिली असा प्रश्न पडला असावा.

“घड्याळाले काय समजते बे? नवी पावडर वेगळी भिजते, जुनी वेगळी. चिकोरीवाली तं आनखीच वेगळी. घड्याळ आपलं टिकटिक करून राह्यते. भिजली का नाई, हे पुडीच सांगन ना मले. वजनानं सांगन.”

इतकी वर्षं मी जगभरचे अर्ज वाचत होतो, आणि हे मी कुठे वाचलं नव्हतं. मीच त्यांना म्हणालो, याचं पेटंट घ्या. कुणाला दाखवू नका आणि अर्ज करा.

“पेटंट म्हंजे काय भेटते?”

“कागद भेटते. सरकारचा. त्यात लिहिलेलं राह्यते का हे तुमी शोधलं.”

ते बराच वेळ काट्याच्या शिशाच्या ठिपक्यावर बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, “म्हंजे शिक्का सरकारचा, पण नाव मायं.”

“हो.”

“मंग घेऊ.”

विकायचं त्यांच्या डोक्यातही नव्हतं. असली एकच पेटी जगात होती आणि ती भाभींची होती. त्यांना हवं होतं ते तेवढंच, आपल्या हातचं एक काम आपल्या नावाने कुठेतरी लिहिलेलं असावं.

मी सांगितलं की अर्ज मी लिहून देऊ शकत नाही, नोकरीचा नियम आहे. एखादा जाणकार वकील गाठा. ते म्हणाले, “तू लिहू नको. तू फक्त तिथी बसून राय.” वकील त्यांनी गाठला नाही. तिथे मराठी चालत नाही म्हणून सहा महिने बसून हिंदीत आठ पानं स्वतः लिहिली आणि कचेरीबाहेरच्या टायपिंगवाल्याकडून टाइप करून घेतली.

दोन-अडीच वर्षांनी तो अर्ज माझ्याच टेबलावर आला. हिंदीतले अर्ज बहुधा माझ्याकडे वळवले जात. पहिल्या पानावर भाईंचं नाव पाहिलं तेव्हाच उठून वरिष्ठांच्या खोलीत जायला हवं होतं. अर्जदार माझ्या घरचाच माणूस आहे, हा दुसऱ्याला द्या, एवढं एक वाक्य पुरलं असतं. मी गेलो नाही. स्वतःला समजावलं की दुसऱ्याच्या हाती गेला तर हिंदी नीट वाचली जाणार नाही. खरं म्हणजे मला तो सोडवत नव्हता.

मी आठवडाभर जुने दाखले शोधले. एका कपाची कॉफी आपोआप करण्याच्या रीती परदेशात पुष्कळ होत्या. आधी थोडं पाणी, मग ठरावीक वेळ थांबणं, मग उरलेलं पाणी, हे सापडलं. कप भरला की वजनावरून पाणी बंद करणं, हेही सापडलं. पुडीचं वजन पाहून पुढचं पाणी सोडणं कुठेच सापडलं नाही.

पण पेटंटच्या अर्जात शेवटी दावे असतात. माझी नवी गोष्ट कुठून कुठवर आहे, याची ती आखलेली हद्द. परीक्षक हद्दीवरच बोट ठेवतो. भाईंचा दावा असा होता: पहले थोड़ा पानी डालना, पाउडर भीगने तक रुकना, फिर बाकी पानी डालना. काट्याचा शब्दच नाही. काटा होता पाचव्या पानाच्या मध्यावर, एका ओळीत: पुड़िया भीगकर भारी होती है तो काटा झुकता है और बड़ा पानी छूटता है.

मी ती ओळ कितीदा वाचली ते सांगता येणार नाही. काटा दाव्यात का घातला नाही, हे मला लगेच कळलं. ज्याने जन्मभर काट्याशिवाय दुसरं काही हाताळलं नाही, त्याला तो वेगळा सांगावा असं वाटलंच नसणार. काटा तर असणारच. नवी वाटली ती त्यांना कॉफी.

दावा जसा लिहिला होता तसा जुन्या दाखल्यांत बसत होता, म्हणून हरकत घेणं भागच होतं. त्याबद्दल मला आजही पश्चात्ताप नाही. पश्चात्ताप पुढच्या गोष्टीचा आहे. अशा वेळी परीक्षक अहवालात एक वाक्य घालू शकतो, की अमुक पानावरची गोष्ट दाव्यात आणता येईल का, याचा अर्जदाराने विचार करावा. मी ते वाक्य मोठमोठ्या वकिलांच्या अर्जांवर कितीदा लिहिलं होतं. भाईंच्या अहवालात लिहिलं नाही. उद्या कुणी म्हटलं की आपल्या माणसाला वाट दाखवली, तर? अनोळखी माणसाला जेवढं देत होतो तेवढंही मी माझ्या माणसाला दिलं नाही, आणि त्या दिवशी त्याला प्रामाणिकपणा समजून घरी गेलो.

उत्तराला सहा महिन्यांची मुदत होती. अहवाल इंग्रजीत गेला. खाली परीक्षक म्हणून माझं नाव.

महिन्याभरात माझ्या पुतणीचं लग्न होतं, गावी. भाई चंद्रपूरहून एसटीने आले. पांढरा शर्ट, हातात प्लास्टिकची पिशवी. वरणभाताच्या पंगतीत वाढप्याशी त्यांची जुंपली.

“भाऊ, आनखी भात वाढू का?”

“वाढ ना. चंद्रपूरवरून काय फोटो काढाले आलो?”

जेवण झाल्यावर मांडवाच्या टोकाला, जिथे पाण्याचे ड्रम ठेवले होते, तिथे त्यांनी मला बाजूला घेतलं. पिशवीतून लिफाफा काढला.

“घे. तुयाच ऑफिसचा कागद हाये. इंग्रजीत हाये सारं. आता तू पाय.”

मी लिफाफा उघडला. तीन पानं. शेवटच्या पानावर माझंच नाव. त्यांना इंग्रजी अक्षर येत नव्हतं. तो कागद त्यांनी चुरगळू नये म्हणून पुठ्ठ्यात घालून आणला होता.

त्या क्षणी सांगायला हवं होतं, भाई, या हरकती मीच घेतल्या आहेत. याचं उत्तर मी लिहू शकत नाही. हा कागद परत घ्या, नागपूरला एखाद्या वकिलाकडे जा आणि त्याला फक्त काट्याचं सांगा. तीन-चार वाक्यं. आजूबाजूला माणसं होती, वाजंत्री होती, कुणीतरी मला आहेरासाठी हाक मारत होतं. पण माणसं नसती तरी मी बोललो असतो असं मला वाटत नाही. माझं नाव दाखवायची लाज वाटली. मी कागदाची घडी घातली, कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि पुठ्ठा काखेत धरला.

“पाह्यतो,” मी म्हणालो.

त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली आणि लगेच आमच्याच जेवणाला नावं ठेवायला लागले. कागद दिला होता. त्यांचं काम झालं होतं.

सहा महिने त्यांनी विचारलं नाही. विचारणारच नव्हते, हे मला माहीत होतं, आणि मी त्याच्याच आड बसून राहिलो. दर आठवड्याला कार्यालयाच्या संगणकावर मी तो अर्ज उघडून तारीख पाहत असे. मुदतीला दहा दिवस उरले तेव्हा मी फोन केला. म्हटलं, आज सांगून टाकू, अजून वेळ आहे. फोन भाभींनी उचलला.

“वो बाजार गए हैं. पुडी का नया कपडा लाने. अब रोज पीती मैं, मालूम? एक दिन बी नागा नै.”

“भाभी, त्या कागदाचं...”

“कागज का तो तुम देख रै ना?”

“हो,” मी म्हणालो.

“फिर क्या. मैं बोली उनकू, घर का आदमी बैठा है वहाँ.”

दहा दिवस मी पुन्हा फोन केला नाही. मुदत संपली. कायद्यात अशा अर्जासाठी एक वाक्य आहे, की अर्जदाराने अर्ज सोडून दिला आहे असे मानण्यात येईल. संगणकावर भाईंच्या नावापुढे ते दिसू लागलं. भाईंनी सोडून दिला. ज्यांनी सोनाराचा मोडका काटा सुद्धा सोडला नव्हता त्यांनी.

त्या दिवाळीला मी दुकानात गेलो. सांगायचं ठरवूनच गेलो होतो. भाई स्टुलावर बसून इलेक्ट्रॉनिक काट्याची बॅटरी बदलत होते, तेवढंच काम आता येई. मी म्हणालो, “भाई, ते नाई जमलं.”

त्यांनी मान वर केली. “काऊन?”

इथे मी जे बोललो ते मला आजवर कुठेही लिहिता आलेलं नाही.

मी म्हणालो, “तसं आधीच कोणी केलेलं हाये. विलायतेत.”

त्यांनी बॅटरीचं झाकण लावलं.

“त्यानंई काटाच लावला होता का? पुडीले?”

नाही म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता. मग का नाही जमलं? त्याचं उत्तर माझ्याकडे राहिलेल्या कागदातच होतं.

“हो,” मी म्हणालो. “काटाच.”

ते खिडकीतून रस्त्याकडे पाहत राहिले. मला वाटलं ते चिडतील. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं, मला समजलं नाही असं.

“त्याच्याई बायकोचे हात कापत असन,” ते म्हणाले.

त्यानंतर तो विषय त्यांनी काढला नाही. मी दरवर्षी जात राहिलो, भाभींच्या पेटीतली कॉफी पीत राहिलो, आणि दरवर्षी एसटीत बसल्यावर ठरवत राहिलो की पुढच्या वेळी. निवृत्त झालो, गावाकडे राहायला आलो, चंद्रपूर दोन तासांवर आलं. तरी पुढची वेळ पुढेच गेली. एकदा तर कागद खिशात घेऊन गेलो होतो. भाई म्हणाले, “काऊन बे कॉलेज, इतका घाम काऊन आला? बीपी वाढला काय?” मी म्हणालो, उन्हामुळे.

दोन हिवाळ्यांपूर्वी ते गेले. मला उशिरा कळलं. चाळिसावाही होऊन गेला होता. गेलो तेव्हा दुकानाचं शटर खाली होतं. मागच्या दाराने आत गेलो. भाभी ओट्याशी होत्या. मला पाहून त्यांनी डोळ्यांना पदर लावला, मग पुडी कडीत ठेवायला घेतली. हात आता फारच कापत होते. तीनदा निसटली. मी पुढे झालो तर म्हणाल्या, “नक्को, मेरेकू जमता.” चौथ्यांदा बसली. बटण दाबलं.

पळीभर पाणी पडलं. थांबलं. आम्ही दोघं पाहत राहिलो, पूर्वी तिघं पाहत होतो तसं. दांडी झुकली. पाणी सुटलं.

“आखिर तक एक बात बोलते थे,” भाभी म्हणाल्या. “आए-गए सबकू बोलते थे. बोले, मैं चौथी पढेला आदमी, और विलायत में कोई बडा साब, दोनोंके दिमाग में एकच काटा आया. हँसते थे. कागज नै मिला उसका कुछ नै बोले. वो साब का पूछते थे बस. बोले, कॉलेज आया तो उसका नाम पूछना है. फिर तुम आते तो पूछतेच नै थे.”

कप भरला. पारडं खाली गेलं. त्यांनी तो माझ्यापुढे सरकवला.

मी तो प्यायलो. काय बोलायचं होतं ते माझ्याजवळ शब्दाशब्दाने तयार होतं. ‘काटाच’ म्हटलं त्या दिवाळीपासून तयार होतं. पण त्या साहेबाला मी भाभींकडून काढून घेऊ शकलो नाही, आणि ज्यांना सांगायचं होतं ते आता नव्हते. कप धुऊन ठेवला आणि शेवटची एसटी गाठली.

ते शब्द इथे लिहून ठेवतो.

भाई, विलायतेत कोणी नव्हता. मी लय धुंडलं, कुठीच नव्हता. पुडीले काटा लावणारे तुमी एकटेच. तुमचा कागद मायापाशी हाये, पुठ्ठ्यासकट. मी तो कोणाले देल्लाच नाई. मले माफ करा.